सखूच्या चालीने इझाबेला

लंडनच्या नैर्ऋत्येला, किंग्स्टनच्या अंगाने गेलं की रिचमंड पार्कच्या उंच विटांच्या भिंतीत पायी जाणाऱ्यांसाठी एक फाटक आहे. त्याचं नाव लॅडरस्टाइल गेट. पूर्वी इथे भिंत ओलांडायला शिडी होती. शिडी गेली, नाव राहिलं. मोटारींना या बाजूने वाट नाही, म्हणून सकाळी इथे गर्दी नसते. या भिंतीची गोष्ट माहीत असेल तर त्या फाटकातून आत पाऊल टाकताना बरं वाटतं, म्हणून ती आधी सांगते.

पहिला चार्ल्स राजा १६२५ साली लंडनच्या प्लेगला भिऊन रिचमंडच्या राजवाड्यात येऊन राहिला. त्याला शिकारीसाठी हरणं हाताशी हवी होती. १६३७ साली त्याने आसपासची शेतं आणि गायरानं भिंत घालून आत घेतली. लोक संतापले, तेव्हा जुन्या पायवाटांवरून जाण्यायेण्याचा हक्क तेवढा त्यांच्याकडे राहिला. पुढे शंभरावर वर्षांनी, १७५१ साली, दुसऱ्या जॉर्जची मुलगी राजकन्या अमेलिया या पार्कची रेंजर झाली आणि तिने तोही हक्क काढून घेतला. तिच्या मर्जीतल्या, परवाना मिळालेल्या मंडळींनाच आत प्रवेश. रिचमंडमध्ये बिअरची भट्टी चालवणारा जॉन लुईस नावाचा एक गृहस्थ होता, तो या विरोधात कोर्टात गेला आणि १७५८ साली जिंकला. न्यायाधीशांनी त्याला विचारलं म्हणतात, की भिंतीत दार हवं की भिंतीवर शिडी? लुईसने शिडी मागितली. हरणं बाहेर जाऊ नयेत म्हणून दार लावून घ्यावं लागणार, आणि लावलेल्या दाराला एक दिवस कडीही बसणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मग शिडी झाली, पण पायऱ्यांमध्ये एवढं अंतर ठेवलं की मुलांना आणि म्हाताऱ्यांना चढताच येईना. लुईस परत कोर्टात. तेव्हा न्यायाधीशांनी बजावलं, की मुलांना आणि म्हाताऱ्यांनाच काय, म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशी शिडी करून घ्या. साठी ओलांडलेली बाई म्हणून मला त्या न्यायाधीशांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

माझी लेक आणि जावई किंग्स्टन हिलच्या उतारावर राहतात. मी उन्हाळ्यात त्यांच्याकडे येते, आणि आले की सकाळचं फिरणं माझ्याकडे. फिरायला म्हणजे सखूला घेऊन. सखू ग्रेहाउंड आहे, रंगाने राखाडी, छातीवर पांढरा ठिपका. ती शर्यतीत पळायची. ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याच्या शर्यती १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर सुरू झाल्या आणि बघता बघता कामकरी वस्त्यांतला मोठा करमणुकीचा धंदा होऊन बसल्या. आता ती मैदानं एकेक करून बंद होत आली आहेत. या पार्कपासून जवळ असलेलं विम्बल्डनचं मैदानही २०१७ साली मिटलं. पळणाऱ्या कुत्र्यांची कारकीर्द जेमतेम चार-पाच वर्षांच्या वयात संपते, मग त्यांना सांभाळणाऱ्या संस्था त्यांच्यासाठी घरं शोधतात. लेकीने सखूला अशाच एका संस्थेतून आणलं. तिच्या कानाच्या आतल्या बाजूला शर्यतीच्या नोंदणीची अक्षरं हिरव्या शाईत गोंदलेली आहेत. तिच्या आधीच्या आयुष्याचा एवढाच कागद तिच्याबरोबर आला.

शर्यतीच्या कुत्र्याने घर असं पाहिलेलंच नसतं. जिना, आरसा, काचेचं दार, मिक्सरचा आवाज, सगळं नवं. लेक सांगते, की पहिल्या आठवड्यात सखू जिन्यापाशी उभी राहून नुसती थरथरत असे. मग दोघांनी मिळून तिचा एकेक पाय उचलून एकेका पायरीवर ठेवला, संध्याकाळच्या संध्याकाळ. दुसरीकडे, लीशवर कसं चालायचं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. शर्यतीच्या कुत्र्यांच्या तळावर ती रोज माणसाशेजारून दोरीवरच चालत असे. त्यामुळे माझ्यासारख्या, गुडघ्याने कुरकुर सुरू केलेल्या बाईबरोबरही ती न ओढता, डावीकडे, माझ्या मांडीला अंग लावून चालते.

ग्रेहाउंडची मान डोक्याहून जाड असते. साधा पट्टा घातला तर मागे सरकून डोकं सहज बाहेर काढता येतं. म्हणून सखूचा पट्टा चार बोटं रुंद आहे, आणि ताण आला की आपोआप थोडा आवळणारा आहे. लीश आखूड, मजबूत, सुती. बटण दाबलं की लांब होणारी जी दोरीची लीश मिळते ती या जातीला कधीच वापरू नये, असं लेकीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. हे कुत्रं काही ढांगांत तासाला साठ-पासष्ट किलोमीटरचा वेग पकडतं. त्या वेगात पाच मीटरची दोरी संपली तर मानेचं काय होईल, याचा विचार पुरेसा आहे. लीशचा फास मनगटात घालायचा, अंगठ्यावरून एक वेढा घ्यायचा, आणि मधली दोरी सैल, जमिनीकडे झुकलेली ठेवायची. ती झुकलेली आहे तोवर दोघींचं बरं चाललंय असं समजायचं. सखूला ते माझ्याआधी कळतं. माझ्या हातातली दोरी ताठ झाली की ती मान वळवून वर बघते.

फाटकातून आत गेलं की आधी मोकळं गवत लागतं. साडेनऊशे हेक्टरांचा हा पार्क. गवतात पिवळ्या मुंग्यांची छोटी छोटी वारुळं, जुन्या, आतून पोकळ झालेल्या ओकांचे बुंधे, आणि सहाशेवर हरणं, रेड आणि फॅलो अशा दोन जातींची. मे महिन्याच्या सुरुवातीला रेड जातीच्या नरांची जुनी शिंगं गळालेली असतात आणि नवी, मखमली कातडीखाली वाढत असतात. माद्या वीण जवळ आल्यामुळे कळपापासून बाजूला होतात. पिल्लू झालं की त्याला त्या ब्रॅकन नेच्यांत लपवून ठेवतात आणि स्वतः लांब चरतात. कुत्रा दिसला की आई सरळ अंगावर धावून येते, मग तो कुत्रा कितीही गरीब असो. म्हणून १ मे ते ३१ जुलै या काळात रिचमंड पार्कात कुत्रा लीशवरच हवा, असा नियम आहे. २०११ साली याच पार्कात हरणांच्या मागे सुटलेल्या फेंटन नावाच्या कुत्र्याची चित्रफीत जगभर बघितली गेली. तिच्यात कळप रस्ता ओलांडून उधळतो, मागे कुत्रा, आणि त्याच्या मागे हाका मारत धावणारा मालक. पुष्कळ लोक ती पाहून हसले. मला ती बघवली नाही. त्या धावण्यात ज्यांचा ऊर फुटायची वेळ आली होती त्यांचा विचार कुणी केला होता, असं वाटत राहिलं.

सखूला हरीण दिसतं ते माझ्या कितीतरी आधी. ग्रेहाउंड ही नजरेने शिकार करणारी जात. नाक जमिनीला लावून माग काढण्याचं काम दुसऱ्या जातींचं, हिचं काम लांबवर हललेलं टिपायचं आणि निघायचं. शेकडो वर्षं ही जात राजेरजवाड्यांनी त्यासाठीच जोपासली. चार्ल्स राजाने ही भिंत घातली तेव्हा सखूचे पूर्वज त्याच्याबरोबर आत आले असणार, आणि ते इथल्या हरणांवर सोडलेही गेले असणार. आज त्याच जातीची एक कुत्री, तिच्या अंगात तोच वेग असताना, एका वाईच्या बाईच्या हातातल्या सुती दोरीला धरून त्याच गवतातून चालली आहे. सखू थांबते, कान उभे होतात, पुढचा एक पाय हवेतच राहतो. मी तिच्या छातीवर हात ठेवते. आत काळीज जोरजोरात उडत असतं. मी काही बोलत नाही. थोड्या वेळाने ती स्वतःच श्वास सोडते, पाय खाली ठेवते आणि आम्ही लांबचा वळसा घेतो.

कुत्रा आणि हरीण एका जागी राहावीत म्हणून माणसांनी पूर्वी काय काय केलं ते वाचलं की लीशबद्दल आदर वाटू लागतो. मध्ययुगात इंग्लंडमध्ये राजाच्या राखीव रानांजवळ राहणाऱ्या लोकांच्या कुत्र्यांची पुढच्या पायाची तीन नखं छाटून टाकत. पाय लाकडावर ठेवायचा, वर छिन्नी, छिन्नीवर हातोडा. कुत्र्याने राजाच्या हरणामागे पळू नये एवढ्यासाठी. १२१७ सालच्या वनसनदेत याचे नियमसुद्धा घालून दिले आहेत. दर तीन वर्षांनी तपासणी, आणि ज्याच्या कुत्र्याची नखं शाबूत सापडतील त्याला तीन शिलिंग दंड. ती सनद लोकांच्या हक्कांची म्हणून नावाजली जाते, आणि त्या काळाच्या मानाने ती होतीच. पण कुत्र्याच्या वाट्याला त्यातली छिन्नी आली.

ब्रूमफील्ड हिलच्या वाहनतळाजवळून पुढे गेलं की कुंपण लागतं आणि त्यात लोखंडी दार. हीच इझाबेला प्लांटेशन. चाळीस एकरांच्या आसपासची ही रानबाग. दारावरच पाटी आहे, की कुत्रा लीशवर ठेवा. इथे तो नियम बारा महिने. हरणांना मात्र आत मुळीच प्रवेश नाही, कारण त्यांनी कोवळ्या फांद्या एका रात्रीत खाऊन टाकल्या असत्या. पार्काचा उपरेंजर लॉर्ड सिडमथ, जो त्याआधी इंग्लंडचा पंतप्रधान होऊन गेला होता, त्याने १८३१ साली हा तुकडा कुंपण घालून वेगळा केला आणि इमारती लाकडासाठी ओक, बीच आणि स्वीट चेस्टनट लावले. आज डोक्यावर जी सावली आहे ती त्याच झाडांची. त्याखालची बाग मात्र अलीकडची. दुसऱ्या महायुद्धानंतर पार्काचे अधीक्षक जॉर्ज थॉमसन आणि मुख्य माळी वॉली मिलर या दोघांनी माजलेलं पाँटिकम जातीचं ऱ्होडोडेंड्रॉन उपटून काढलं, ओढ्यांच्या कडेने मोकळी जागा केली आणि तिथे निवडक ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया लावली. १९५३ साली बाग लोकांना खुली झाली.

स्टिल पाँड नावाचं एक तळं आहे आत. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत त्याच्या काठची अझेलिया फुलतात, आणि फुलतात म्हणजे झुडपावर पान म्हणून दिसत नाही. किरमिजी, राणी, फिकट जांभळा, शेंदरी, मध्येच स्वच्छ पांढरा. पाणी हलत नाही, त्यामुळे तेच सगळं खाली पुन्हा. ही कुरुमे अझेलिया जपानमधल्या क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावची. अर्नेस्ट विल्सन नावाच्या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाने १९१८ साली त्या गावी जाऊन पन्नास वाण निवडले. बागवान मंडळी त्यांना विल्सनचे पन्नास म्हणूनच ओळखतात, आणि त्यांचा राष्ट्रीय संग्रह या बागेत जपलेला आहे.

या विल्सनची एक हकीकत मला फार जवळची वाटते. १९१० साली तो चीनच्या सिच्वान प्रांतात मिन नदीच्या खोऱ्यात लिलीचे कंद गोळा करत होता. एका बाजूला कडा, खाली नदी, मध्ये अरुंद वाट, आणि तो पालखीतून चाललेला. बरोबर त्याचा लहानसा कुत्रा. चालता चालता कुत्र्याचं शेपूट हलायचं थांबलं, तो अंग चोरून एकदम पुढे पळाला. त्यापाठोपाठ एक दगड वाटेवर आदळला, आणि मग दरड. विल्सनने पालखीतून उडी टाकली, तरी एक धोंडा त्याच्या पायावर बसला आणि पाय मोडला. त्याने कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय काढून मोडलेल्या पायाला बांधायला लावले. तेवढ्यात समोरून खेचरांचा तांडा आला. वाट एवढी अरुंद की बाजूला व्हायला जागा नाही, आणि दरड पुन्हा कोसळेल म्हणून थांबायचीही सोय नाही. विल्सन वाटेवर आडवा पडून राहिला आणि सगळी खेचरं त्याच्या अंगावरून पाय टाकत गेली. एकाचाही खूर त्याला लागला नाही. पाय वाचला, पण आखूड झाला आणि तो जन्मभर लंगडत चालला. कुरुमेच्या बागांतून तो फिरला तो त्याच पायाने. मी दरवर्षी त्या तळ्याकाठी उभी राहून रंग बघते तेव्हा माझ्या मनात तो लहानसा कुत्रा येतो. कड्यावरचा दगड सुटल्याचं माणसांच्या आधी त्याला कळलं होतं.

सखूबरोबर इझाबेलात चालायचं म्हणजे घड्याळ विसरायचं. एरवी माणसं अर्ध्या तासात सगळी बाग बघून चहाला जातात. आम्हाला पहिल्या वळणापर्यंतच तेवढा वेळ लागतो. परवा ती एका चेस्टनटच्या बुंध्याशी थांबली. त्या झाडाची साल पीळ घातल्यागत वर चढत जाते आणि तिच्या खाचांत पावसाचा ओलावा राहतो. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि पाहत राहिले. ती नाक सालीपासून बोटभर अंतरावर ठेवते, भराभर लहान लहान श्वास घेते. आत घेतलेली हवा नाकपुडीच्या समोरच्या भोकातून जाते, सोडलेली मात्र बाजूच्या चिरेतून मागे जाते, म्हणजे पुढचा वास विस्कटत नाही. हे मी वाचलेलं होतं. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना पडलेली बीचची वाळकी टरफलं दर श्वासाला मागे सरकत होती आणि समोरच्या सालीवरचा कोळ्याचा तंतू जागचा हलत नव्हता. मध्येच ती थांबली, ओठ किंचित हलवले, नाक चाटलं आणि एक इंच खाली जाऊन पुन्हा सुरुवात केली. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास धरतात, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. सखूची जात नजरेवर जगणारी असली तरी त्या झाडापाशी काल रात्रीपासून कोण कोण येऊन गेलं याची यादी तिच्याजवळ होती आणि माझ्याजवळ नव्हती.

फिरायला नेणं म्हणजे कुत्र्याला दमवणं, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. वयस्क कुत्र्याला, दुखणाईत कुत्र्याला, किंवा सखूसारख्या, आयुष्यभर कुणाच्या तरी इशाऱ्यावर पळालेल्या कुत्र्याला असा सावकाश, आपल्या मनाने थांबत, हुंगत केलेला फेरफटका हवा असतो. घरी आल्यावर ती चारही पाय वर करून गाढ झोपते. मैलभर पळाली असती तरी यापेक्षा चांगली झोपली नसती.

बागेतून ओढे वाहतात, त्यांवर फळ्यांचे लहान पूल. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसतं, आणि ते सखूला अजून मान्य नाही. पुलाशी आली की ती खांबासारखी उभी राहते. ओढून उपयोग नसतो, ओढावंही नाही. मी पुलाच्या दुसऱ्या टोकाला तोंड करून, तिच्याकडे पाठ करून उभी राहते आणि वाट पाहते. कधी ती येते, कधी नाही. नाही आली तर आम्ही ओढ्याच्या अलीकडूनच फिरतो. तिथे ब्लूबेलची निळी फुलं असतात. त्यांच्यात पाय घालू द्यायचा नाही, कारण तुडवलेला ब्लूबेलचा ताटवा पुन्हा धड उभा राहायला वर्षं जातात. शिवाय तो कंद कुत्र्याच्या पोटात गेला तर विषारी. ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलियाचं पानही तसंच. थोडंसं चघळलं तरी उलट्या होतात, लाळ गळते, जास्त गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. एवढ्या देखण्या झुडपांच्या गर्दीतून कुत्र्याला नेताना आखूड लीश त्याच्याही भल्याची आहे ती अशी. तळ्यात उतरायलाही कुत्र्याला मनाई आहे. पिसवांसाठी मानेवर टाकायच्या औषधांचे अंश कुत्र्याच्या अंगावरून पाण्यात जातात आणि पाण्यातल्या किड्यांना मारतात. किडे गेले की बदकं उपाशी.

बदकं म्हणजे मँडरिन. पूर्व आशियातून आणून पाळलेली, मग सुटून इथलीच झालेली. नराच्या पाठीवर नारिंगी रंगाची दोन शिडं उभी असतात. मादी साधी, करडी, डोळ्याभोवती पांढरं काजळ. ही बदकं झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पिल्लं बाहेर आली की दुसऱ्या दिवशीच उंचावरून खाली उड्या टाकतात आणि आईमागून पाण्यात जातात. पेग्ज पाँडवर अशीच एक आई पिल्लांना घेऊन काठाकाठाने चालली होती, आमच्यापासून फार तर दहा पावलांवर. सखूने पाहिलं. मी लीशचा वेढा घट्ट केला. बदकानेही आमच्याकडे पाहिलं, आणि दिशा न बदलता ते पुढे गेलं. ज्या बागेत कुत्री मोकळी सुटतात तिथलं बदक दहा पावलांवर थांबणार नाही, आधीच पाण्यात शिरेल. इथे त्याला दोरीची लांबी माहीत झालेली आहे.

वर ओकाच्या शेंड्यात पोपटांची किलबिल. आपलेच पोपट, गळ्यात गुलाबी कंठी असलेले. मूळचे आपल्या उपखंडातले, पिंजऱ्यांतून सुटले आणि लंडनभर पसरले. इथे काही लोकांना ते उपरे वाटतात, आणि स्थानिक पक्ष्यांच्या ढोल्या बळकावतात म्हणून त्यांच्याविषयी तक्रारही आहे. तक्रार खोटी नसेल, पण वाईच्या घाटावरच्या पिंपळात लहानपणापासून ऐकलेला आवाज इथे ऐकू आला की मला पाऊल पुढे टाकवत नाही. सखूला पोपटांचं काही नाही. तिचं लक्ष खारींवर. करडी खार चेस्टनटवरून उतरली की माझ्या अंगठ्यावरचा वेढा आपोआप आवळला जातो.

स्टिल पाँडजवळच्या बाकावर एक गुजराती आजी बसलेल्या होत्या. पायात पांढरे बूट, साडीवर स्वेटर. आम्हाला येताना पाहून त्यांनी दोन्ही पाय बाकावर घेतले. मी थांबले आणि सखूला माझ्या पलीकडे घेतलं. हिंदीत म्हटलं, "ये कुछ नहीं करेगी, लेकिन हम उधर से निकल जाते हैं." त्या म्हणाल्या, लहानपणी भावनगरला कुत्रं चावलं होतं, पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. मी म्हटलं, मग तुमची भीती खरी आहे. आम्ही थोडं लांब, दुसऱ्या बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनीच विचारलं, एवढी बारीक का, खायला देत नाही का? मी सांगितलं, जातच अशी. मग शर्यतीचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं. त्यांनी पाय खाली घेतले, उठल्या, जवळ आल्या आणि लांबूनच विचारलं, "पकडा है ना?" मी मनगटातला फास दाखवला. सखू तोवर माझ्या गुडघ्यावर रेलली होती, गर्दीच्या एसटीत शेजारची बाई झोपेत आपल्या खांद्यावर रेलते तशी, सगळा भार टाकून. आजींनी दोन बोटांनी तिच्या पाठीला हात लावला. "मखमल," एवढंच म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

त्या आजींचा त्या बाकावर जेवढा हक्क आहे तेवढाच सखूचा त्या वाटेवर, आणि बदकाचा त्या पाण्यावर. हे तीनही हक्क एका सकाळी एकाच जागी नांदले, कारण मध्ये सव्वा मीटरची दोरी होती. पुण्यात माझ्या घराजवळच्या बागेच्या फाटकावर पाळीव प्राण्यांना मनाई आहे, आणि त्याचं कारण मला समजतं. कुत्रा मोकळा सोडणारे, त्याची घाण तिथेच टाकून जाणारे लोक मी पाहिलेले आहेत. रेबीजची भीतीही आपल्याकडे पुस्तकातली नाही. तरीसुद्धा एखाद्या बागेने सकाळचा एक तास ठेवून बघावा असं मला मनापासून वाटतं. आखूड लीश, लसीचा कागद, खिशात पिशवी, आणि नियम मोडणाऱ्याला दंड. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या कुत्र्याला वाहनांच्या रस्त्याशिवाय पाय टाकायला जागाच नाही, आणि त्याला फिरवणारी असतात ती बहुधा माझ्याच वयाची माणसं. त्यांनाही सावली हवी असते, बाकडं हवं असतं, दोन शब्द बोलायला कुणी हवं असतं.

यंदा लेकीने मला ऑक्टोबरातही ये म्हणून सांगितलं आहे. तेव्हा इझाबेलातले मेपल लाल होतात. तो हरणांच्या माजाचाही काळ असतो. नर दिवसरात्र डुरकतात, शिंगं भिडवतात, माणसाच्याही अंगावर येतात, आणि मोकळ्या गवतातून कुत्रा नेणं तेव्हा शहाणपणाचं नसतं. त्यामुळे लॅडरस्टाइल गेटने चालत न जाता गाडीने थेट ब्रूमफील्ड हिलला उतरायचं आणि लगेच कुंपणाच्या आत शिरायचं, असं जावई म्हणतो. सखूची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, तिला तोवर थंडी वाजू लागेल. मी तिच्यासाठी लोकरीचं जाकीट विणायला घेतलं आहे. मानेचं माप लेकीने कळवलं, पण छातीचं तिने दोनदा वेगवेगळं पाठवलं, म्हणून तेवढा भाग उसवता येईल असा सैल ठेवला आहे.